विजयस्तंभ वाचताना

आपल्या समाजात असे घर विरळाच, की ज्या घरात भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाचे चित्र नाही. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, नाहीतर कॅलेंडरवर, नाहीतर पोरांच्या मोटारसायकलवर तो उभा असतोच. आमच्या फुलचूरच्या घरीही तो आहे. माझी आई विड्या वळायची तेव्हा तिच्या सुपासमोरच्या भिंतीवर तो होता आणि आज माझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरच्या कव्हरलाही मीच तो चिकटवला आहे. परंतु रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणूस पाहतो, वाचत नाही. स्तंभावर नेमके काय कोरले आहे, किती नावे आहेत, ती कोणाची आहेत, हे विचारले तर आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

मला हा लेख लिहावासा वाटला तो विहारातल्या एका आजीच्या प्रश्नामुळे. कोरेगावला जायची वर्गणी गोळा करीत होतो. त्या आजी वर्गणी देता देता म्हणाल्या, "आपण बुद्धाची लेकरं ना वो बाई? मंग लढाईच्या खांबाले हात जोडाले इतक्या दूर कायले जाता?" पोरी हसल्या. मी हसू शकले नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. भगवान बुद्धाने सांगितले की वैराने वैर शमत नाही, आणि आपण मात्र एका युद्धाच्या स्मारकापुढे मानवंदना देतो. हे कसे जुळते?

पहिल्यांदा गेलो तो १ जानेवारी २०१६ चा दिवस. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस, जनरलचा डबा, सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि मुरमुऱ्याचा चिवडा. दुसऱ्या दिवशी पुणे, तेथून नगर रस्त्याने तीसएक किलोमीटरवर पेरणे फाटा. निळ्या झेंड्यांचा समुद्रच म्हणा. मराठवाड्यातले, खानदेशातले, मुंबईतले, कर्नाटकातले लोक. पुस्तकांचे स्टॉल पाहून तर ऊर भरून आला. दुसऱ्या कोणत्या यात्रेत लोक एवढी पुस्तके विकत घेतात ते मला कोणी दाखवावे! पण स्तंभापाशी पोचलो तेव्हा मागची रेटारेटी अशी, की हात जोडले न जोडले तोच आम्ही पलीकडे. पाटीवरचे एक अक्षर वाचता आले नाही. "झालं का दर्शन?" एका बाईने विचारले. आणि मला तो शब्द खटकला. दर्शन घ्यायला आपण आलो होतो का?

मग २०१८ साल आले. लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली होती, आणि त्याच दिवशी तेथे दगडफेक व जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्याचे पडसाद आपल्या गोंदियापर्यंत उमटले. त्या वर्षी आम्ही गेलो नव्हतो, तरी माझ्या धाकट्या बहिणीने तेव्हापासून धसका घेतला. "ज्याले जायचं त्यानं जावं, माझी पोरं नाही जाणार," असे तिने सांगून टाकले. तिला दोन मुले. पुढे थोरला रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. धाकटा आजही फुलचूरलाच आहे. पहाटे पाच वाजता उठून धानाच्या बांध्यांच्या कडेने सोळाशे मीटर धावतो, घरी येऊन घड्याळातला वेळ वहीत लिहितो. त्याला सैन्यात जायचे आहे. गावातली आठ-दहा पोरे अशीच धावतात.

२०२३ च्या हिवाळ्यात थोरल्याला भेटायला म्हणून मी या धाकट्याला घेऊन रांजणगावला गेले. बहिणीला कोरेगावचे सांगितले नव्हते असे नाही. "गर्दीचा दिवस नाही" असे म्हटल्यावर ती काही बोलली नाही. एक साधा मंगळवार होता. रस्त्यावर कंटेनर धावत होते, स्तंभापाशी आम्ही तिघे आणि बंदोबस्तावरचे एक-दोन पोलीस. त्या दिवशी आम्ही स्तंभ वाचला.

साठ फूट उंचीचा दगडी स्तंभ. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठीतही. त्यातली भाषा कंपनी सरकारच्या विजयाची आहे, आपल्या मुक्तीची नाही, हे प्रथम लक्षात येते. स्तंभ इंग्रजांनी उभारला तो आपल्या फौजेचा पराक्रम मिरवण्यासाठी. परंतु त्याच पाट्यांवर या लढाईत पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय त्या काळी महारांच्या नावांना लागत असे. उरलेल्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आणि ज्यूही आहेत. माझा भाचा बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचत होता. वाचता वाचता थांबून म्हणाला, "मावशी, सगळेच आपले नाहीत की गा!"

मला वाटते हे आपण मोकळेपणाने सांगितले पाहिजे. भाषणांत नेहमी ऐकतो: पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवले. खरे काय आहे? १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याजवळ मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई. शिवाय काही घोडेस्वार आणि दोन तोफांवरचे मद्रास तोफखान्याचे गोलंदाज. सगळे मिळून ८३४. पेशवा दुसरा बाजीराव याच्याबरोबर सुमारे २८ हजारांची फौज होती, पण गावावर प्रत्यक्ष चालून आले ते तिच्यातले दोनेक हजार, आणि त्यांत अरब पुष्कळ होते. या एका लढाईने पेशवाई बुडाली असेही नाही. बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये.

असे लिहिल्याने त्या वीरांचा मान कमी होतो असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. रातोरात ३५-४० किलोमीटर चालून आलेली माणसे, पोटात अन्न नाही, समोर भीमा नदी वाहते आहे आणि दिवसभर तिच्या पाण्याला हात लावता येत नाही, कारण नदीच्या वाटा शत्रूच्या माऱ्याखाली. गावातल्या गल्ल्यांतून, पडक्या भिंतींच्या आडून लढाई. एक तोफ शत्रूच्या हाती गेली, तिच्यावरचा अधिकारी मारला गेला. गोऱ्या गोलंदाजांपैकी काहीजण शरण जाऊ या म्हणू लागले. लेफ्टनंट पॅटिन्सन हा जबर जखमी असतानाही बंदुकीचा दस्ता फिरवीत पुढे झाला, शिपाई त्याच्यामागे तुटून पडले आणि तोफ परत आली. पाणी मिळाले ते अंधार पडल्यावर. ८३४ पैकी २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. जनरल स्मिथची फौज येते आहे हे कळताच पेशव्याने रात्री तळ हलवला. एवढे खरे पुरेसे आहे. आकडा फुगवला की उद्या कोणीही उठून तो खोडून काढतो आणि आपल्या पोरांना खऱ्या गोष्टीचीही लाज वाटू लागते.

त्या दिवशीचे नेते दोन प्रकारचे होते. पेशवा दूरच्या उंचवट्यावरून लढाई पाहत होता. स्टाँटन आणि पॅटिन्सन शिपायांबरोबर त्याच तहानेत होते. पुढारी कसा असावा हे सांगायला आणखी काय हवे, असे माझा थोरला भाचा म्हणाला. कारखान्यात युनियनसाठी सह्या गोळा करायचा प्रयत्न त्याने केला होता, तेव्हा पुढे कोण उभे राहते आणि गेटबाहेर चहा पीत कोण थांबते, हे त्याने पाहिलेले आहे. पण मला एवढ्यावर थांबवेना. कारण स्टाँटनच्या पुढाकाराचे फळ कोणाला मिळाले? कंपनीच्या संचालकांनी त्याला तलवार आणि पाचशे गिनी दिल्या, गव्हर्नर जनरलचा मानद एडीसी केले. शिपायांची नावे दगडावर गेली. आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी नवी विभागणी निघाली होती. ज्यांची नावे खुद्द सरकारच्या विजयस्तंभावर, ते बिनलढवय्ये ठरले!

सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे निवेदन पाठवले. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. गरज असेल तेव्हा बोलवायचे, गरज सरली की घरी पाठवायचे. माझा धाकटा भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, अग्निवीर चारच वर्षांचा आहे. चारातला एक ठेवतात." २०२२ पासून भरती त्याच पद्धतीने होते. मी त्याला काय सांगणार? सरकारने दोन्ही वेळा एकच केले असे मी म्हणत नाही. पण पोराने स्वतःचा प्रश्न त्या दगडापाशी विचारला, हे मला फार मोलाचे वाटले.

बाबासाहेबांनीही तेच केले होते. १ जानेवारी १९२७ रोजी ते येथे आले तेव्हा ३५ वर्षांचे होते. स्तंभ त्यांच्या दृष्टीने परका नव्हता. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. आजोबा मालोजी सैनिक. आईकडचे घराणेही सुभेदारांचे. सैन्यात मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते आणि त्यामुळेच कोकणातल्या महार घराण्यांत दोन पिढ्या शिकल्या. भरतीचे दार लागले तेव्हा नोकरीबरोबर शाळाही गेली. म्हणून बाबासाहेबांना या स्तंभात पूर्वजांचे शौर्य दिसले तसे बंद झालेले दारही दिसले. त्यांनी शौर्याची आठवण करून दिली ती लोकांचा वाकलेला कणा ताठ करायला, आणि लगेच पुढच्या कामाला लागले. तीन महिन्यांच्या आत, मार्च १९२७ मध्ये, ते महाडला होते. तेथल्या भाषणात त्यांनी सैन्यभरती आणि तिच्यातून आलेले शिक्षण यांचा विषय काढला, आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. कोरेगावचे शिपाई नदीकाठी दिवसभर तहानलेले राहिले तेथे शत्रूच्या बंदुका होत्या. महाडच्या तळ्यावर बंदुका नव्हत्या, तरीही शेकडो वर्षे आपण तहानलेले होतो. हा संबंध माझा मी जोडला आहे, पण एकदा मनात आल्यावर तो जात नाही.

आणि ते इंग्रजांचे मिंधे झाले नाहीत. १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी त्यांच्याच तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात आम्हांला विहीर खुली झाली का, पोलिसात घेता का, सैन्यात घेता का? ज्या सरकारसाठी पूर्वज लढले त्या सरकारला जाब विचारणे, याला मी नेतृत्व म्हणते. पुढे १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महार रेजिमेंटचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर पूर्वी हाच कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्याच्या जागी कट्यार आली. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान असतात. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामास्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, आणि ते होते तमिळभाषक. बंद दार आपण ठोठावून उघडले आणि त्यातून सगळेच आत गेले, असे म्हणायला हरकत नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून खडकीची युद्ध दफनभूमी पाहून घेतली. आपल्या लोकांत तिकडे फारसे कोणी जात नाही. हिरवळीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा, सगळ्या एका मापाच्या. हुद्दा, वंश, धर्म यांवरून थडग्यांत भेद करायचा नाही, हा या दफनभूमी सांभाळणाऱ्या आयोगाचा १९१७ पासूनचा नियम. वाचून बरे वाटले. मात्र आफ्रिका आणि आशियातल्या लाखो काळ्या-सावळ्या सैनिकांच्या बाबतीत तो नियम पाळला गेला नाही, अनेकांची नावेही कोरली गेली नाहीत, हे त्याच आयोगाने २०२१ मध्ये कबूल करून माफी मागितली. म्हणजे मेल्यावरही नावासाठी भांडावेच लागते. कोरेगावच्या त्या २२ नावांची किंमत मला खडकीला जास्त कळली.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळते. भारतात युद्धाची आठवण दगडावर कोरणारा सर्वांत मोठा राजा म्हणजे सम्राट अशोक. कलिंग जिंकल्यावर त्याने तेराव्या शिलालेखात लिहिले ते काय? एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली, आणि याचे आपल्याला दुःख होते. जिंकणाऱ्याने हरलेल्यांचे मृत मोजले! कोरेगावच्या स्तंभावर पेशव्याच्या बाजूने पडलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही. तीही कोणाची तरी पोरे होती, तीही पगारासाठी आली होती. पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, आणि त्या राज्याबद्दल मला काडीचेही प्रेम नाही. पण अरब शिपायाने ते मडके बांधले नव्हते. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस निवडला, ती अशोक विजयादशमी. कोरेगावपासून नागपूरपर्यंतच्या त्या जवळजवळ तीस वर्षांच्या वाटेवर स्तंभ सुरुवातीला आहे, अशोक शेवटी. आजींना मी हे असेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग असं सांगून घेऊन जात जा ना पोट्ट्यायले."

एक गोष्ट जाता जाता. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे होते. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ते पराभूत झाले. या पराभवाचा स्तंभ कोठे नाही, त्याची जयंती आपण करीत नाही, पोरांना सांगतही नाही. हरल्यावर अडीच वर्षांत त्यांनी लाखो लोकांना नव्या वाटेवर नेले. आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांनी कधीतरी या निवडणुकीची हकिकत जुन्या माणसांकडून लिहून घ्यावी. ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

घरी आल्यावर भाच्याच्या वहीत धावण्याच्या वेळांच्या मागच्या पानावर ती ४९ नावे लिहिलेली बहिणीला दिसली. तिने विचारले, त्याने वाचून दाखवली. सगळीच्या सगळी, आपली आणि दुसऱ्यांची. तिने भरतीला हो म्हटले आहे, पण अट घालून: मुक्त विद्यापीठात बी.ए.चा अर्जही भरायचा, म्हणजे चार वर्षांनी घरी पाठवलेच तर हातात काही असेल. त्याने दोन्ही अर्ज भरले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. १ जानेवारीला शासनाकडून बसची सोय असते, तरी पाणी आपले आपण घ्यावे. म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना रेटारेटीत नेऊ नये. मानवंदना त्या दिवशी जरूर द्यावी. स्तंभ वाचायचा असेल तर मात्र दुसऱ्या एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या उन्हात जावे, वही-पेन्सिल घेऊन, आणि वाचायला लेकरांना पुढे करावे. महाराष्ट्र एक्सप्रेसचे आरक्षण महिना-दीड महिना आधी केले तर गोंदियाहून जागा मिळते.